स्टेडियम तयार होईल, हिशेबाचं काय?

२६ नोव्हेंबर २०२५ रोजी ग्लासगोत २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला बहाल झाल्या. तो दिवस आपल्याकडे संविधान दिन. या योगायोगाकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. चर्चा झाली ती भव्यतेची आणि २०३६ च्या ऑलिम्पिकची. ऑलिम्पिक भरवण्याची इच्छा भारताने मुंबईत, ऑक्टोबर २०२३ च्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात जाहीर केली होती. वर्षभराने तसं पत्रही गेलं.

मैदानांची तयारी जोरात आहे. मोटेऱ्यात १ लाख ३२ हजार आसनांचं स्टेडियम उभं आहेच, नारणपुऱ्यात नवं क्रीडासंकुल झालं, राज्य सरकारने त्यासाठी वेगळी कंपनीही काढली. या सगळ्याला माझा विरोध नाही. खेळ आपलेही आहेत. १९६२ च्या आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं सुवर्ण मिळवणाऱ्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम होते. निजामाबादच्या निखत जरीनने २०२२ मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण जिंकलं, तेव्हा किती घरांत मुलींना बळ मिळालं! माझा प्रश्न वेगळा आहे. स्टेडियम वेळेत होईल. पण ते कुणाच्या घामावर, कुणाच्या जागेवर आणि नंतर कुणासाठी?

१९८२ चं दिल्लीतलं एशियाड आठवा. बांधकामावरच्या मजुरांची किमान मजुरी होती दिवसाला ९ रुपये २५ पैसे. त्यातला एक रुपया जमादार कापून घेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं म्हणजे घटनेच्या कलम २३ नुसार वेठबिगारी, असा निकाल न्यायालयाने दिला. मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. ती देशाच्या राज्यघटनेतही आहे, हे त्या निकालाने दाखवलं.

तरीही २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी मजुरांच्या हालांची चौकशी करायला उच्च न्यायालयाला समिती नेमावी लागली. अठ्ठावीस वर्षांत आपण काय शिकलो? पुढे कॅगने त्या स्पर्धेच्या खर्चावर कडक ताशेरे ओढले, आणि २०१२ च्या अखेरीस ऑलिम्पिक समितीने भारतीय संघटनेलाच निलंबित केलं. मैदानं उभी राहिली, कारभार कोसळला.

नंतरचं चित्र पाहायला दिल्लीला जायची गरज नाही, पुण्याचं बालेवाडी पुरे. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी संकुल झालं, २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. २०२१ मध्ये त्याच संकुलात बैठकीला आलेल्या बड्या नेत्यांच्या गाड्या धावपट्टीवर उभ्या असल्याचे फोटो वर्तमानपत्रांत आले. क्रीडा खात्याने दिलगिरी व्यक्त केली. ज्या पट्टीवर खेळाडूने बुटांची काळजी घेऊन पाय ठेवायचा, तिथे गाड्या! मैदान कुणाचं, याचं उत्तर त्या एका फोटोत होतं.

जागेचा प्रश्न अहमदाबादला नवा नाही. साबरमती रिव्हरफ्रंटसाठी काठावरच्या झोपड्यांतली हजारो कुटुंबं हलवली गेली, हिंदूही, मुसलमानही. त्यांना न्यायालयात जावं लागलं. ज्यांना घरं मिळाली, त्यांपैकी अनेकांना ती वटव्यासारख्या भागात मिळाली, रोजीरोटीपासून दूर. शहर देखणं झालं की त्याची किंमत कोण भरतो, हे तिथल्या माणसांना ठाऊक आहे.

आता २०२५ चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा आला आहे. संघटनांच्या कार्यकारिणीत खेळाडू आणि महिलांना जागा, वादांसाठी न्यायाधिकरण, ही पावलं चांगली आहेत. जंतरमंतरवर बसलेल्या कुस्तीगीर मुलींनंतर ती आवश्यकच होती. पण माहितीचा अधिकार सरकारी मदत घेणाऱ्या संघटनांपुरताच ठेवला गेला. म्हणजे सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळ पुन्हा बाहेरच!

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक कंत्राट आणि मजुरांच्या वेतनाचा तपशील लोकांसमोर असावा. एकही घर हलवण्याआधी पुनर्वसन जवळच आणि लेखी ठरावं. आणि स्पर्धा संपल्यावर मैदानाचं फाटक जुहापुऱ्याच्या मुलासाठी आणि नारणपुऱ्याच्या मुलीसाठी सारख्याच फीत उघडेल, हे आजच कागदावर यावं.

हे विचारणाऱ्याला कुणी देशविरोधी म्हणेल. म्हणू दे. यजमानपद संविधान दिनी मिळालं आहे. तयारीही त्याच संविधानाने मोजली जावी, एवढंच आमचं म्हणणं.