परदेशातील अवयव प्रत्यारोपण आणि आपली सदसद्विवेकबुद्धी

नळदुर्गच्या बसस्थानकावर सोलापूरच्या गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशांत आठवड्यातून दोन-तीनदा तेच ते चेहरे दिसतात. हातात औषधांची पिशवी, सोबत पत्नी किंवा मुलगा. डायलिसिससाठी निघालेली ही माणसे संध्याकाळी परततात तेव्हा त्यांच्या अंगात बोलण्याचेही त्राण उरलेले नसते. अशाच एका कुटुंबातील कर्त्या पुरुषाने काही दिवसांपूर्वी आम्हांस एक प्रश्न विचारला. त्याच्या पत्नीला मधुमेह आहे, भावाचा रक्तगट जुळत नाही, आणि प्रतीक्षा यादीत नाव नोंदवूनही बोलावणे येत नाही. कोणीतरी त्याला परदेशात 'सोय' होते असे सांगितले होते. "तिकडं कायदा आडवा येत नाही म्हणतात. जमीन विकून पैसे उभे करता येतील. मग ह्यात आपलं काय चुकतं?"

प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याला घाईने उत्तर देणे आम्हांस योग्य वाटले नाही. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला नीतीचे पाठ देणे फार सोपे असते.

त्याच सुमारास वाचलेली एक बातमी आमच्या मनातून जात नव्हती. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातील एका शेतकऱ्याने सावकाराचे कर्ज फेडण्यासाठी कंबोडियात जाऊन आपले मूत्रपिंड विकले, हे डिसेंबर २०२५ मध्ये उघडकीस आले. त्याच्या सांगण्यानुसार एक लाखाचे कर्ज व्याजावर व्याज चढत ७४ लाखांवर गेले होते. जमीन गेली, ट्रॅक्टर गेला, आणि शेवटी विकण्याजोगे शरीर तेवढे उरले. कोलकात्यात तपासण्या, कंबोडियात शस्त्रक्रिया आणि हातात आठ लाख रुपये, असा तो व्यवहार. ह्या प्रकरणाच्या तपासात सोलापुरातूनही एका संशयितास अटक झाली. आरोप न्यायालयात सिद्ध व्हावयाचे आहेत, त्यामुळे कोणालाही दोषी ठरविण्याचा आमचा हेतू नाही. परंतु जे आपण 'परदेशातील' म्हणून समजत होतो, त्याचे धागे नळदुर्गपासून तासाभराच्या अंतरावर येऊन पोहोचले आहेत, एवढे मात्र नमूद करावेसे वाटते.

मागे वळून पाहिले तर हा प्रवाह पूर्वी उलट दिशेने वाहत होता. १९८० च्या दशकात मुंबई, चेन्नई ही शहरे मूत्रपिंडाची बाजारपेठ म्हणून जगभर कुप्रसिद्ध झाली होती. आखाती देशांतील धनवान रुग्ण येथे येत आणि झोपडपट्टीतील गरीब दाता म्हणून उभे केले जात. ह्याला आळा घालण्यासाठी १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला. महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश ह्या राज्यांत तो सर्वप्रथम लागू झाला. तरीही २००८ मध्ये गुडगाव येथील टोळीचे प्रकरण बाहेर आले, आणि तेथेही परदेशी रुग्णांसाठी आपल्याच मजुरांची मूत्रपिंडे काढली गेली होती. २०११ च्या दुरुस्तीने शिक्षा कडक केल्या: अवयवाच्या व्यापारास पाच ते दहा वर्षे कारावास आणि २० लाख ते एक कोटी रुपये दंड.

कायदा कडक झाला तसा व्यवहार सीमेपलीकडे सरकला. नळदुर्गवरून हैदराबादकडे जाणारा आपला महामार्ग पुढे तेलंगणातील नलगोंडा जिल्ह्यातून जातो. त्या जिल्ह्याच्या पोलिसांनी जानेवारी २०१६ मध्ये गरीब तरुणांना कोलंबो येथे नेऊन त्यांची मूत्रपिंडे काढविणारी साखळी उघड केली, आणि त्यानंतर श्रीलंकेने परदेशी नागरिकांवरील अशा शस्त्रक्रिया थांबविल्या. मे २०२४ मध्ये केरळात अशाच प्रकरणात एकास अटक झाली, त्या वेळी नाव आले इराणचे. कोलंबो बंद झाले तर तेहरान, तेहरान अवघड झाले तर नॉम पेन्ह.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. मूत्रपिंड प्रत्यारोपणाची विद्या आपल्या देशात नाही, असे मुळीच नाही. ती मुंबई-पुण्यात तर आहेच, हैदराबादेतही आहे. मग शस्त्रक्रिया बाहेर का न्यावी लागते? कारण येथे दाता जवळचा नातलग नसेल, तर प्राधिकार समिती त्याला समोर बसवून विचारते: तू कोण, ह्या रुग्णाशी तुझा संबंध काय, तुला पैसे मिळत आहेत काय? विमानाचे तिकीट काढले जाते ते हा प्रश्न टाळण्यासाठी. जेथे दात्याला कोणी काही विचारत नाही, असे ठिकाण शोधणे म्हणजे त्या व्यवहारातील 'परदेश'. ज्याने आम्हांस प्रश्न विचारला त्याचे म्हणणे अर्धे खरे होते. कायदा तेथे आडवा येत नसेलही, पण मूत्रपिंड देणारा माणूस तेथेही असतोच. रुग्णाला त्याचे तोंड पाहावे लागत नाही, इतकेच.

अर्थात, परदेशात जाणारा प्रत्येक रुग्ण अपराधी आहे, असे कोणी समजू नये. मुलगा अमेरिकेत असेल आणि तो आपल्या आईला तेथे बोलावून स्वतःचे मूत्रपिंड देत असेल, तर त्यात गैर ते काय? २००८ मध्ये जगभरातील तज्ज्ञांनी इस्तंबूल येथे केलेल्या जाहीरनाम्यात हा भेद स्पष्ट केला आहे. प्रत्यारोपणासाठी केलेला प्रवास दोन कारणांनी दूषित होतो: त्यात अवयवाची खरेदी-विक्री असेल तर, किंवा परक्या रुग्णांमुळे त्या देशातील लोकांच्या वाट्याचे अवयव कमी होत असतील तर. दुसरे कारण आपल्या ध्यानात सहसा येत नाही. मृत दात्यांची हृदये परदेशी रुग्णांना दिली गेल्यावरून २०१८ मध्ये तमिळनाडूत वाद झाला, तेव्हा आपण भारतीय संतापलो होतो. दुसऱ्या देशात जाऊन आपण तेच केले, तर तेथील रुग्णाच्या आईला काय वाटेल?

ख्रिस्तसभेची भूमिका ह्या बाबतीत फार पूर्वीपासून निःसंदिग्ध आहे. अवयवदानाला तिचा विरोध नाही. उलट मरणोत्तर अवयवदान हे उदात्त कृत्य आहे, असे कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी २९ ऑगस्ट २००० रोजी रोम येथे प्रत्यारोपण तज्ज्ञांच्या जागतिक परिषदेपुढे बोलताना अवयवांचा व्यापार नैतिकदृष्ट्या अस्वीकार्य ठरविला, कारण त्यात शरीर ही वस्तू होऊन जाते. दान आणि विक्री ह्यांतील ही रेषा श्रद्धा नसलेल्या माणसालाही पटण्यासारखी आहे.

"पण त्यालाही पैशांची गरज होतीच ना?" हा युक्तिवाद आम्ही अनेकदा ऐकला आहे. त्याचे उत्तर चेन्नई येथे मूत्रपिंड विकलेल्या ३०५ जणांच्या पाहणीतून मिळते. ही पाहणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडण्यासाठी मूत्रपिंड विकले होते. काही वर्षांनी त्यांच्या कुटुंबांचे उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने घटलेले होते आणि जवळजवळ तीन चतुर्थांश लोक अद्यापही कर्जातच होते. अंगमेहनतीवर जगणाऱ्याने शरीराचा भाग विकावा आणि कर्जही फिटू नये! नागभीडचा शेतकरी हा ह्याच रांगेतील आहे. आणि कायद्याचे अक्षर पाहिले, तर अवयवासाठी पैसे घेणाराही गुन्हेगारच ठरतो. सावकारी नियंत्रणाचा २०१४ चा कायदा असूनही त्याला शेताच्या बांधावर कोणी वाचविले नाही, हे विसरून त्याला दोष देणे आम्हांस जमणार नाही.

मग येथील रुग्णाने काय करावे? रिकाम्या हाताने 'नको' म्हणणे म्हणजे त्याला दलालाच्या दारात ढकलणेच होय. २०२३ मध्ये देशात १८,३७८ प्रत्यारोपणे झाली, पण मरणोत्तर अवयवदाते होते केवळ १,०९९. उरलेला सारा भार जिवंत नातलगांवर, आणि त्यांतही बहुतांशी बायकांवर. घेणाऱ्यांत मात्र पुरुषच अधिक! ह्याविषयी आपल्या कुटुंबांतून क्वचितच बोलले जाते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर अशी चार विभागीय समन्वय केंद्रे आहेत. अपघातात मेंदूमृत झालेल्या रुग्णाचे निदान वेळेवर होऊन ते केंद्राला कळले, तरच पुढचे सारे घडते. सोलापूर-हैदराबाद मार्गावर अपघात थोडे होत नाहीत. परंतु ह्या पट्ट्यातील किती घरांत त्या क्षणी अवयवदानाचा विचार होतो?

त्या गृहस्थांना आम्ही ठाऊक होते ते सांगितले. भावाचा रक्तगट जुळत नसला, तरी अशाच अडचणीतील दुसऱ्या कुटुंबाशी दात्यांची अदलाबदल करण्यास २०११ पासून कायद्याची संमती आहे. राज्याच्या जनआरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठीची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. त्यानंतरची औषधे मात्र आयुष्यभर घ्यावी लागतात, ह्याचीही कल्पना दिली. परदेशातून घाईने उरकलेल्या शस्त्रक्रियेनंतर परतणारे रुग्ण अनेकदा जंतुसंसर्ग आणि अपुरी कागदपत्रे घेऊन येतात, हेही सांगितले. त्यांनी सारे ऐकून घेतले. अदलाबदलीविषयी त्यांना आजवर कोणीच सांगितले नव्हते. आता भावाला घेऊन डॉक्टरांकडे जातो, म्हणाले.

जाताना त्यांनी सहज विचारले, "तुम्ही भरलाय का तो दानाचा अर्ज?" आम्ही भरलेला नव्हता. त्या आठवड्यात भरला. प्रत्यक्ष वेळ येईल तेव्हा घरच्यांची संमती लागते, आणि घरच्यांशी बोलणे अजून बाकी आहे.