सुटका कैद्याची, औषधाचं काय?

 चेन्नईत तरमणीच्या व्हीएचएस रुग्णालयाच्या आवारात डॉ. सुनीती सोलोमन यांच्या संस्थेनं हजारो एचआयव्हीबाधितांवर उपचार केले. सोलोमन मद्रासमधल्या मराठी कुटुंबातल्या, माहेरच्या गायतोंडे. संस्थेला त्यांनी वडिलांचंच नाव दिलं.

1986 मध्ये त्यांच्या सांगण्यावरून सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीनं देहविक्रय करणाऱ्या महिलांच्या रक्ताचे नमुने जमवले. वेल्लोरच्या सीएमसीत त्यांतले सहा बाधित निघाले आणि एचआयव्ही भारतात पोचल्याचं प्रथमच सिद्ध झालं. हे नमुने मिळाले ते मुख्यतः सुधारगृहात, जामिनाचे पैसे नसलेल्या बायकांकडून.

यंत्रणेला मात्र कोठडी हाच उपचार वाटला. 1989 मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा हा नियमित रक्तदाता बाधित निघताच त्याला म्हापशाच्या जुन्या क्षयरुग्णालयात 64 दिवस डांबलं. 1990 मध्ये मुंबईच्या वेश्यावस्तीतून तमिळनाडूत परत पाठवलेल्या महिलांपैकी बाधितांना अडकवून ठेवलं गेलं. पत्रकार श्यामला नटराज मद्रास उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कुठे सुटकेचा मार्ग खुला झाला.

आता कायदा बदलला आहे. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालेल्या एचआयव्ही कायद्यानुसार केवळ बाधित म्हणून कुणालाही वेगळं कोंडता येत नाही. सरकारच्या ताब्यातल्या माणसाला तपासणी, समुपदेशन आणि उपचारांचा हक्क आहे. या हक्काची गरजही मोठी: कैद्यांमध्ये बाधितांचं प्रमाण सुमारे दोन टक्के, म्हणजे एकूण प्रौढांच्या दसपट आहे.

उपचार तसा सोपा. बहुतेकांना रोज एक गोळी पुरते, ती सरकारी एआरटी (एचआयव्ही-उपचार) केंद्रात फुकट मिळते. नेमानं घेतली तर विषाणू इतका दबतो की लैंगिक संबंधांतूनही पसरत नाही.

अवघड आहे तो नेम. बराकीत सगळ्यांच्या नजरेसमोर गोळी घ्यायची, तर आजार लपत नाही. कोर्टाच्या तारखेला दिवस बाहेर जातो, मध्येच दुसऱ्या तुरुंगात बदली होते, आणि कागद मागेच राहतात.

सर्वांत मोठा धोका सुटकेचा. देशातले चारपैकी तीन कैदी कच्चे आहेत. त्यांचा जामीन कोणत्याही संध्याकाळी होतो. माणूस रिकाम्या हातानं बाहेर पडतो, गावचं केंद्र त्याला ठाऊक नसतं. औषध वारंवार तुटलं की ते लागू पडेनासं होण्याची भीती असते.

म्हणून तुरुंग प्रशासनानं सुटणाऱ्या प्रत्येक बाधिताला महिन्याच्या गोळ्या आणि त्याच्या गावाजवळच्या एआरटी केंद्राच्या नावाचं पत्र, दोन्ही बंद पाकिटात द्यावं. त्यासाठी नवा कायदा नको, जेलरची सही पुरे.