पेशी म्हणजे नुसती जाळी नव्हे

‘वनस्पतीपेशींवरून प्रेरित’ अशी कॅप्शन असलेल्या चित्रांचा सध्या इन्स्टाग्रामवर सुळसुळाट आहे. वेड्यावाकड्या बहुभुजांची जाळी, हिरव्या छटा आणि खाली जनरेटिव्ह आर्टचा टॅग. मी पोटासाठी कोड लिहितो, त्यामुळे यातली बरीचशी जाळी कुठून येते ते सांगतो. पडद्यावर कुठेही ठिपके टाकायचे आणि प्रत्येक ठिपक्याला त्याच्या सर्वांत जवळची जागा वाटून द्यायची. ही व्होरोनॉय आकृती. पायथॉनमध्ये दहाएक ओळींचं काम.

गणित सुंदर आहे, त्याच्याशी भांडण नाही. भांडण ‘प्रेरित’ या शब्दाशी आहे.

व्होरोनॉयमध्ये सगळ्या भिंती एकदम उभ्या राहतात. झाडात तसं होत नाही. तिथे आधीची पेशी दुभंगते आणि मधोमध नवी भिंत बांधली जाते, म्हणजे प्रत्येक भिंतीला वय असतं. लिओ एरेरा या बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये म्हटलं, की नवी भिंत साबणाच्या पडद्यासारखी वागते, कमीत कमी क्षेत्रफळात भागवते. याला अपवाद आहेत, पण नियम अजूनही बऱ्याच ठिकाणी लागू पडतो. शिवाय नवी भिंत सहसा जुन्या कोपऱ्याला जाऊन टेकत नाही, त्यामुळे एका बिंदूत बहुधा तीनच भिंती भेटतात. पेशी शेजारणींना घट्ट चिकटलेल्या, जागा सोडून सरकू शकत नाहीत. म्हणून कोण कोणापासून झाली, हे नकाशावरून बरंचसं वाचता येतं.

मग चित्रही तसंच काढून बघा. मी सध्या हेच करतोय, कागद आणि पेन घेऊन. एक मोठा आकार काढायचा. त्याचे साधारण समान दोन भाग करणारी सर्वांत आखूड रेघ मारायची. मग त्या दोन भागांचे भाग, पुन्हा त्यांचे. रेघ जुन्या कोपऱ्यावर न्यायची नाही. जुन्या भिंती दर फेरीला गिरवून जाड करायच्या, नव्या बारीक ठेवायच्या.

आता बाजू मोजा. कडेची नसलेली एक पेशी दुभंगली, की दोन मुलींच्या मिळून चार बाजू जास्त होतात आणि शेजारच्या दोघींना एकेक बाजू फुकट मिळते. पेशी वाढली एक, बाजू वाढल्या सहा. म्हणून पसारा मोठा होत जातो तशी सरासरी सहाकडे सरकते. षटकोन कुणी आखून दिलेला नाही, तो वाढीतून आला.

कुणी म्हणेल, दिसायला तर दोन्ही सारखंच! कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. लांबट पेशी, विटांसारख्या रांगेत. कित्येक पानांच्या वरच्या थरात तर जिगसॉच्या तुकड्यांसारख्या नागमोडी कडा सापडतील, आणि साध्या व्होरोनॉयची कड सरळच असते. ठिपके हवे तसे मांडून रांगा काढता येतील, मान्य. पण ती रांग तुम्ही आधीच ठरवलेली असेल, वाढीतून आलेली नसेल.

शाळेत आपण पुस्तकातला हिरवा चौकोन प्रयोगवहीत उतरवला, नावं दिली आणि मार्क घेतले. बघायचं राहूनच गेलं. आता लायब्ररी इम्पोर्ट करून तेच चाललंय, फक्त लाइक्ससाठी. रॉबर्ट हुकने १६६५ मध्ये बुचाचा पातळ काप भिंगाखाली धरला आणि दिसलं ते काढलं. त्याला दिसल्या त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती, तरी ते चित्र आजही उपयोगाचं आहे.

पुढच्या वेळी ‘प्रेरित’ लिहिण्याआधी झाडाचा कोणता नियम उचललात ते सांगा. उचलला नसेल, तर सरळ ‘व्होरोनॉय’ लिहा. त्यात काही कमीपणा नाही.