राजाची सनद आणि मुंबईचा वैमानिक

पहिल्या महायुद्धात लढलेल्या भारतीय सैनिकांविषयी मराठीत जे काही लिहिले गेले आहे, त्यात पायदळातील मराठा पलटणींना साहजिकच मोठी जागा मिळाली. परंतु त्याच युद्धात विमानातून लढलेल्या मोजक्या भारतीयांमध्ये मुंबईचा एक तरुण होता, याची नोंद मराठी वाचकापर्यंत फारशी पोहोचली नाही. लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर हे त्याचे नाव. ब्रिटिश हवाई दलाच्या २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे डझन-दीड डझन विमानांच्या लढाऊ पथकात, ते लढाऊ विमान चालवीत असत, आणि उत्तर फ्रान्समधील सोम नदीच्या प्रदेशात जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडल्यावर ३० जून १९१८ रोजी त्यांचा मृत्यू झाला. विशीतच संपलेल्या या आयुष्याची कागदपत्रे थोडी आहेत आणि वेलिणकरांचे स्वतःचे शब्द तर आपल्यापुढे नाहीतच. तरीही त्यांची हकीकत महत्त्वाची ठरते, कारण ज्या महिन्यात ते मरण पावले त्याच महिन्यात मुंबईत लोकमान्य टिळक आणि गव्हर्नर यांच्यात ज्या प्रश्नावरून ठिणगी उडाली, त्या प्रश्नाचे प्रत्यक्ष उत्तर हा तरुण फ्रान्सच्या आकाशात देत होता.

तो प्रश्न ‘किंग्ज कमिशन’चा होता. सैन्यात अधिकारी म्हणून नेमणूक करणारी, राजाच्या नावाने निघणारी जी सनद, तिला किंग्ज कमिशन म्हणत. ब्रिटिशांच्या भारतीय फौजेत जमादार, सुभेदार, सुभेदार मेजर असे देशी अधिकारी होते खरे, पण त्यांची सनद व्हॉइसरॉयची असे आणि त्यामुळे तीस वर्षे नोकरी झालेला, छातीवर पदके मिरवणारा सुभेदारदेखील नुकत्याच विलायतेहून आलेल्या पोरसवदा लेफ्टनंटाच्या हाताखालीच राही. वैद्यकीय सेवेतील डॉक्टरांचा अपवाद सोडला, तर लढाऊ फौजेत ही राजाची सनद भारतीयांना जवळजवळ बंद होती. १९१४ पासून भारतीय पलटणी फ्रान्स, मेसोपोटेमिया आणि पूर्व आफ्रिकेत रक्त सांडीत होत्या, तरी ऑगस्ट १९१७ उजाडेपर्यंत सरकारने हा दरवाजा किलकिलासुद्धा केला नाही; त्या महिन्यात नऊ भारतीयांना किंग्ज कमिशन देण्याचे जाहीर झाले आणि पुढे सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात वर्षाला दहा जागा ठेवण्यात आल्या. लाखोंची फौज आणि दहा जागा, हे प्रमाण पुरेसे बोलके आहे.

हवाई दलाची गोष्ट मात्र थोडी निराळी पडली, आणि तीही कोणाच्या उदारपणामुळे नव्हे. ‘रॉयल फ्लाइंग कोअर’ हे ब्रिटिश लष्कराचे उड्डाण पथक होते. १ एप्रिल १९१८ रोजी नौदलाच्या उड्डाण विभागाशी त्याचे एकत्रीकरण होऊन ‘रॉयल एअर फोर्स’ जन्मास आले. १९१७ च्या एप्रिल महिन्यात, जो ब्रिटिश इतिहासात ‘रक्तरंजित एप्रिल’ म्हणून ओळखला जातो, या पथकाने एकट्या पश्चिम आघाडीवर सुमारे २४५ विमाने गमावली. वैमानिक तयार होण्यापेक्षा मरण्याचा वेग अधिक होता. अशा वेळी इंग्लंडमध्ये शिकत असलेले, इंग्रजी उत्तम बोलणारे, धडधाकट भारतीय तरुण दारात उभे राहिले, तेव्हा त्यांना कायमचे परतवणे अवघड होते. तरीसुद्धा सहजासहजी कोणी आत घेतले नाही. ऑक्सफर्डचे विद्यार्थी हरदित सिंग मलिक यांना प्रथम नकारच मिळाला; ते फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवायला गेले, फ्रेंच हवाई दल आपल्याला घ्यायला तयार आहे असे त्यांनी आपल्या प्राध्यापकांना कळवले, आणि मग त्या प्राध्यापकांनी थेट सेनापतीला पत्र लिहिल्यावर ब्रिटिशांना जाग आली. मलिक, कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय, एरॉल सेन आणि वेलिणकर अशा चौघांना अखेर तात्पुरत्या स्वरूपाची का होईना, पण राजाची सनद मिळाली. मुंबईच्या या तरुणाच्या खांद्यावर अधिकाऱ्याचा हुद्दा चढला तेव्हा त्याच्याच प्रांतातील पलटणींत शौर्य गाजवणाऱ्या हवालदाराला तो स्वप्नातही मिळण्याजोगा नव्हता, ही विसंगती ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

वेलिणकरांच्या पथकाला १९१८ च्या वसंतात ‘सॉपविथ डॉल्फिन’ हे नवे विमान मिळाले. दोन मजली पंखांच्या या विमानाची घडण चमत्कारिक होती. त्या काळच्या बहुतेक विमानांत वरचा पंख खालच्या पंखापेक्षा थोडा पुढे असे. डॉल्फिनमध्ये तो मागे होता आणि वैमानिकाची बैठक नेमकी त्याच्याखाली आल्यामुळे वरच्या पंखाच्या मधल्या भागात कापड न लावता नुसती लोखंडी चौकट मोकळी ठेवलेली असे. त्या चौकटीतून वैमानिकाचे डोके पंखाच्या वर निघे. इंजिनाच्या पाण्याच्या नळ्या बैठकीच्या दोन्ही अंगांनी जात असल्याने धड उबेत आणि डोके मात्र पंधरा-वीस हजार फुटांवरच्या बोचऱ्या वाऱ्यात, अशी त्याची अवस्था होई. वर आणि पुढे पाहण्यासाठी याहून चांगली जागा नव्हती, त्यामुळे उंचावरून शत्रूवर झेप घेण्यास हे विमान फार उपयोगी होते. पण उतरताना चाक अडकून विमान उलटले, की सर्वांत आधी जमिनीला लागे ते वैमानिकाचे डोके. पहिल्या काही महिन्यांत अनेक वैमानिक या कारणाने डॉल्फिनवर बसण्यास नाखूश असत. पुढे दोन मशीनगन पंख्याच्या पात्यांमधून नेम साधून गोळ्या झाडीत, आणि चौकटीवर बसवलेल्या आणखी दोन तिरक्या गन ऐन धुमश्चक्रीत हलून वैमानिकाच्याच तोंडावर आदळत, म्हणून पुष्कळांनी त्या काढून टाकल्या होत्या. शिकाऊ वैमानिकाला मृत्यू कसा येईल याची निवड करण्यास पुरेसा वाव देणारे यंत्र, असे त्याचे वर्णन केले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या वैमानिकांजवळ पॅराशूट नव्हते. जर्मनांनी १९१८ मध्ये आपल्या वैमानिकांना ते देण्यास सुरुवात केली, ब्रिटिशांनी युद्ध संपेपर्यंत दिले नाही. विमानाला आग लागली किंवा पंख निखळला तर त्यातून सुटण्याचा मार्ग नसे. दुसरी अडचण वाऱ्याची होती. पश्चिम आघाडीवर वारा बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे ब्रिटिशांच्या बाजूने जर्मनांच्या बाजूला वाहतो. शिवाय ब्रिटिश सेनापतींचे धोरणच असे होते, की लढाई नेहमी शत्रूच्या हद्दीवर जाऊन करायची. या दोहोंचा मिळून परिणाम असा होई, की चकमकीत विमाने वाहत वाहत आणखी आत जात आणि इंजिन जायबंदी झालेल्या वैमानिकाला समोरचा वारा कापीत परतावे लागे. मार्च १९१८ च्या मोठ्या चढाईत जर्मनांनी सोमचा प्रदेश पुन्हा जिंकून आमियाँ शहराच्या जवळ धडक मारली होती आणि जूनमध्ये आघाडी तिथेच थबकलेली होती. याच भागावर गस्त घालताना जूनच्या अखेरीस वेलिणकरांचे विमान पडले. ते तत्काळ मरण पावले नाहीत. जखमी अवस्थेत जर्मनांनी त्यांना ताब्यात घेतले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचा अंत झाला. ब्रिटिश पथकाच्या दृष्टीने मात्र ते केवळ ‘बेपत्ता’ होते, म्हणजे गस्तीवर गेले आणि परत आले नाहीत. घरी जाणाऱ्या तारेतही याहून जास्त काही कळवण्यासारखे नसे.

जर्मनांनी त्यांचे दफन केले, पण नाव भलतेच लिहिले. जर्मन कारकुनाला मुंबईकडचे आडनाव उमगण्याचे कारण नव्हतेच. त्यामुळे ते थडगे कोणाचे हे निश्चित होण्यास युद्धानंतरचा काळ जावा लागला. आज त्यांची कबर आमियाँच्या आग्नेयेस हांगार या खेड्याच्या स्मशानभूमीला जोडून असलेल्या युद्धकबरस्थानात आहे. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या ‘इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन’ या संस्थेने ठरवले होते, की कोणाचाही मृतदेह मायदेशी नेला जाणार नाही, सेनापती असो की शिपाई, शिळा सर्वांची सारख्याच मापाची राहील, आणि शिळेच्या तळाशी कुटुंबाला हवा तो मजकूर जास्तीत जास्त ६६ अक्षरांत, अक्षरामागे साडेतीन पेन्स भरून कोरता येईल. या तळटिपेसारख्या जागेत मावले तेवढेच दुःख सार्वजनिक झाले. इंद्रलाल रॉय यांच्या शिळेवर बंगाली अक्षरे आहेत. वेलिणकरांच्या शिळेवर, साम्राज्याच्या शूर पुत्रांपैकी एकाला मानवंदना अशा आशयाचे इंग्रजी शब्द आहेत. ज्या धर्मात चितेला अग्नी देण्याची रीत, त्यातील माणूस परमुलखात मातीत निजलेला आहे, हे दोन्ही ठिकाणी सारखेच.

आता त्याच जूनमधील मुंबईकडे वळता येईल. १० जून १९१८ रोजी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी युद्धाला मदत मिळवण्यासाठी प्रांतिक परिषद बोलावली होती. टिळकांनी बोलताना राजनिष्ठा व्यक्त करून लगेच देशाचे संरक्षण आणि स्वराज्य यांचा संबंध जोडायला सुरुवात केली, तेव्हा गव्हर्नरांनी त्यांना थांबवले आणि टिळक सभागृह सोडून बाहेर पडले. सैन्यभरतीला त्यांचा विरोध नव्हता. अट एवढीच, की भारतीयांना अधिकाऱ्यांच्या जागा मिळाल्या पाहिजेत. सरकारकडून तसे आश्वासन मिळाले तर महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देऊ, न दिल्यास दंड म्हणून हे घ्या, असे म्हणून त्यांनी गांधीजींकडे ५० हजार रुपयांचा चेक पाठवला होता आणि मदत सौद्याने करायची नसते असे सांगून गांधीजींनी तो परत केला, ही गोष्ट टिळकचरित्रांत प्रसिद्ध आहे. भारतीय माणूस अधिकारी होण्यास लायक आहे की नाही, हा सारा वाद सभागृहात चालला असताना मुंबईचाच एक अधिकारी सोमवर डॉल्फिन उडवीत होता आणि पुढे वीस दिवसांनी मरण पावला. टिळकांच्या बाजूने याहून मोठा पुरावा नव्हता. पण तो कोणी वापरल्याचे दिसत नाही.

वापरला न जाण्याचे कारण कदाचित स्मरणाच्या रीतीत सापडेल. नंदुरबारच्या वाचकाला हे सहज कळेल. माणिक चौकात ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा हाती घेऊन पोलिसांच्या गोळीला बळी पडलेले शिरीषकुमार मेहता आणि त्यांचे सोबती लालदास, धनसुखलाल, शशिधर व घनश्यामदास यांची नावे या गावात शाळकरी मुलालाही ठाऊक असतात, कारण ते कोणासाठी मेले हे सांगताना एक शब्दही अडखळावे लागत नाही. वेलिणकरांविषयी सांगताना अडखळावे लागते. ज्यांच्या झेंड्याखाली ते लढले त्यांच्याच पोलिसांनी चोवीस वर्षांनी नंदुरबारच्या पोरांवर गोळ्या झाडल्या, आणि म्हणून राष्ट्रीय चळवळीने लिहिलेल्या इतिहासात या वैमानिकासाठी कप्पा तयार झाला नाही. दुसरीकडे साम्राज्याने शिळेवर गौरव कोरला तो साम्राज्यासोबतच मावळला. मलिक जगले, परराष्ट्रसेवेत मोठ्या पदांवर गेले आणि आत्मकथा मागे ठेवून गेले, त्यामुळे त्यांची आठवण टिकली. रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये अवघ्या दोन आठवड्यांत दहा विजय नोंदवून एकोणिसाव्या वर्षी प्राण दिले, त्यांना पदक मिळाले. सेन पकडले गेले आणि जर्मन छावणीत युद्ध संपेपर्यंत राहिले. वेलिणकरांच्या नावावर ना विजयांची यादी, ना पदक, ना पुस्तक. भारतीय टपाल खात्याने २०१९ मध्ये पहिल्या महायुद्धातील भारतीयांवर तिकिटे काढली तेव्हा इतर तिघांसोबत त्यांनाही जागा दिली, हा विलंबाने का होईना झालेला एक न्याय.

युद्ध संपताच तो दरवाजा पुन्हा लागला. ब्रिटिश हवाई दलात अधिकारी होण्यासाठी अर्जदार शुद्ध युरोपीय वंशाचा असावा अशी अट पुन्हा लागू झाली, आणि ज्या दलाने चार भारतीयांना विमाने दिली होती त्याच दलाला पुढची वीस वर्षे भारतीय वैमानिक चालत नव्हता. भारतीयांसाठी वेगळे ‘इंडियन एअर फोर्स’ ८ ऑक्टोबर १९३२ रोजी अस्तित्वात आले, त्याचे पहिले पथक १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड येथे चार जुन्या वापिटी विमानांवर उभे राहिले, आणि इंग्लंडमधील क्रॅनवेलच्या विद्यालयातून बाहेर पडलेल्या त्याच्या तरुण अधिकाऱ्यांना सनद मिळाली ती याच नव्या दलाची, ब्रिटिश हवाई दलाची नव्हे. वंशाची अट निघाली ती ऑक्टोबर १९३९ मध्ये. दुसरे महायुद्ध सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता आणि वैमानिकांची गरज पुन्हा भासू लागली होती. पुढच्याच वर्षी चोवीस भारतीय वैमानिकांची तुकडी इंग्लंडला रवाना झाली.