संगणकाचे घर बदलताना

गेल्या काही महिन्यांत आमच्या धर्मग्रामातील तीन-चार कुटुंबांनी एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत माझ्यापुढे मांडिला. घरातील संगणक धडधाकट आहे, मुलांचा अभ्यास त्यावर होतो, आखातात असलेल्या लेकाचे तोंड त्यावर दिसते. मग तो टाकून नवा घ्या, असे दुकानदार का सांगतो? शेतकऱ्याच्या घरात नव्या यंत्राचे पैसे काढावयाचे म्हणजे कोणते तरी दुसरे काम अडणार, हे उघड आहे. तेव्हा ह्या विषयावर चार शब्द लिहिणे अप्रस्तुत ठरणार नाही.

मूळ गोष्ट अशी. २०१५ साली आलेल्या विंडोज १० ह्या प्रणालीची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली; इच्छुकांस वर्षभराची वाढीव मुदत तेवढी देऊ केली. ती प्रणाली त्या दिवशी बंद पडली असे नव्हे. संगणक पूर्वीप्रमाणेच चालतो. मात्र चोरास आत शिरता येईल अशी नवी फट सापडली, तर ती बुजविणारा गवंडी आता येत नाही. विंडोज ११ घालावे म्हटले तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय व बऱ्यापैकी अलीकडचा प्रोसेसर लागतो. २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक ह्या परीक्षेत नापास होतात.

अशा यंत्रांसाठी लिनक्सचा मार्ग मोकळा आहे. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने आरंभिलेले हे काम आज जगभरचे लोक मिळून करितात. उबुंटू, मिंट ही त्याचीच रूपे होत. त्यांस मोल पडत नाही. पण फुकटचे म्हणून त्यांस हलके लेखू नये.

बदल करावयाचा तर क्रमाने करावा. फ्रान्सच्या जांदार्मरी ह्या पोलीस दलाने हे चांगले दाखवून दिले. त्यांनी २००५ साली प्रथम लेखनाचे साधन बदलिले, पुढच्या वर्षी इंटरनेट पाहण्याचे व टपालाचे, आणि लोकांचे हात त्यांवर बसल्यानंतर, २००८ पासून, खालची प्रणाली बदलून उबुंटू आणिली. उलट जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर नेले, आणि २०१७ साली पुन्हा विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. त्यामागे राजकारण होते असे काही म्हणतात, कर्मचाऱ्यांची कुरकुर होती असे दुसरे म्हणतात. आपण घरच्यापुरते एवढेच करावे की, जुन्या विंडोजवर असतानाच महिना-दोन महिने लिबरऑफिस व फायरफॉक्स वापरून पाहावे. हीच दोन्ही लिनक्सवरही भेटतात. घर नवे झाले तरी भांडी ओळखीची राहतात.

पहिल्या आठवड्यात हात चुकतात. ‘सी ड्राइव्ह’ शोधू लागाल तर ती नाही. आपले सारे सामान ‘होम’ नावाच्या एका खोलीत असते. इंग्रजी लहान व मोठी अक्षरे येथे भिन्न मानितात, म्हणून एकाच नावाच्या दोन फाइली दिसल्या तर घाबरू नये. नवे साधन हवे झाल्यास ते कोठल्याही पानावरून उतरवून घ्यावयाचे नसून प्रणालीच्या स्वतःच्या कोठारातून मागवावयाचे असते, आणि त्या वेळी ती पासवर्ड विचारते. ह्या विचारण्याचा पुष्कळांस राग येतो. मला तर तो नियम आवडतो. आमच्या सॅक्रिस्टीची किल्लीही वाटेल त्याला मिळत नाही!

खरी काळजी घ्यावयाची ती मराठीची. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी टंकलिखित केलेले मराठी मजकूर बहुधा जुन्या फाँटांतले आहेत. त्यांत ‘क’ हे अक्षर ‘क’ म्हणून साठविलेलेच नसते. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी चित्र बसविलेले असते. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की, नावांच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. पुष्कळ धर्मग्रामांतील स्नानसंस्काराच्या याद्या, संस्थांची इतिवृत्ते आणि घरोघरच्या वंशावळी अशाच फाइलींत आहेत. ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या ५३५ व्या कलमाप्रमाणे नोंदवह्या ठेवणे धर्मग्रामास बंधनकारक आहे, आणि आमची मूळ नोंद कागदावरचीच. पण लग्न ठरलेली मुलगी दाखला मागावयास येते तेव्हा शोध संगणकावरच्या यादीतून होतो. ती वाचता आली नाही तर धुळीतल्या वह्या एकेक पान उलटाव्या लागतात.

म्हणून घर बदलण्यापूर्वी, जुना फाँट हाताशी असतानाच, असे सर्व लेखन युनिकोडमध्ये आणावे. परिवर्तन करणारी साधने आहेत, परंतु त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. रफार व ऱ्हस्व वेलांटी जुन्या पद्धतीत भलत्याच क्रमाने साठविलेली असतात; ‘मार्टिन’ व ‘फर्नांडिस’ ह्या नावांत ती दोन्ही आहेत, आणि आपल्याकडे ह्या नावांची घरे थोडी नाहीत. तेव्हा एकाने कागद वाचावा, दुसऱ्याने पडदा पाहावा. आमच्या सीमाभागात कन्नड मजकुराचीही हीच कथा आहे. इन्स्क्रिप्टने लिहिणाऱ्यांस मात्र दिलासा आहे, कारण ती कळफलकाची रचना दोन्हींकडे जवळजवळ सारखीच राहते. ‘मंगल’ हा फाँट विंडोजचा असल्याने लिनक्सवर त्याच्या जागी दुसरा येतो व ओळींची लांबी बदलते. चार पानांचे पत्रक पाच पानांवर गेले तर त्यात यंत्राचा बिघड मानू नये.

हा बदल सर्वांनीच करावा असे मी म्हणत नाही. दुकानाचा हिशेब टॅलीवर ठेवणाऱ्याने आहे तेथेच राहावे, कारण ते साधन विंडोजसाठीच केलेले आहे. इतरांनी प्रथम पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे; त्यात डिस्कवर काही घालावे लागत नाही. आवाज, कॅमेरा, वायफाय व छपाईयंत्र चालते की नाही ते तेथेच कळते. मगच, छायाचित्रांसह सर्व काही बाहेरच्या डिस्कवर उतरवून, पुढचे पाऊल टाकावे. नवी प्रणाली घालताना जुने पुसले जाण्याचा संभव असतो.

घरातील वृद्धांचा विचार अगोदर करावा. व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली, तेव्हा अर्थ कळू लागला तरी कित्येकांच्या ओठांवर उत्तरे लॅटिनच येत, असे आमचे वडील सांगत. हातालाही तसाच वेळ लागतो. मिंटमध्ये खालची पट्टी व डाव्या कोपऱ्यातील मेनू विंडोजसारखाच असल्याने त्यांस ते रूप सोयीचे पडेल. त्यांची नेहमीची चित्रे पूर्वीच्याच जागी मांडून द्यावी, अक्षरे मोठी करावी, आणि सूनबाईने वा नातवाने काही दिवस शेजारी बसावे. माउस मात्र त्यांच्याच हाती असू द्यावा.