वळचणीचे पाणी

'वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही,' अशी आपल्याकडे एक म्हण आहे. जे खाली जायचे ते वर चढत नाही, असा तिचा अर्थ. म्हणीबद्दल मला आदर आहे. पण जुन्या घराच्या बाबतीत ती खरी नाही, हे मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत डोळ्यांनी पाहिले.

आमचे घर दापोली तालुक्यातले, जांभ्या चिऱ्याचे, मंगलोरी कौलांचे. वळचण म्हणजे पाख्याचा भिंतीबाहेर आलेला भाग. वाशांची टोके तिथेच येतात आणि त्यांवर लाकडी फळीची झालर ठोकलेली असते. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जांभा सच्छिद्र, सांधे मातीचे. ही वळचण नसती तर भिंती कधीच वितळल्या असत्या. घराची छत्री ती हीच. तरीही आपण रंग भिंतीला देतो आणि वळचणीकडे मान वर करून पाहतही नाही.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने ती मान वर करायला लावली. वारा वळचणीखाली शिरतो आणि पाख्याला खालून ढकलतो. जिथे फळी सैल, तिथली कौले आधी उडतात. आमची पहिली ओळ अशीच गेली. बाबांनी कौले पुन्हा बसविली. पण कुजू लागलेली झालर तशीच राहिली.

पुढे मी कॉलेजात आले. आमच्या घरातली कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या दिवाळीत वळचणीचा प्रश्न निघाला तेव्हा बाबांनी माझे मत विचारले. मी तालुक्यात पाहिले होते तेच सांगितले : खालून प्लॅस्टिकच्या पट्ट्या मारा, झालरीवर पत्रा ठोका, स्वच्छ दिसेल, खर्चही कमी. बाबा म्हणाले, "लाकडाला वारा लागायला हवा गं." पण 'पोरगी शिकलेली आहे' म्हणून त्यांनी माझे ऐकले.

एक पावसाळा गेला आणि पट्ट्यांना पोक आले. यंदाच्या दिवाळीत त्या काढल्या, तर आत ओलसर काळोख, बुरशी आणि वाळवीची मातीची वाट. दाभण टोचली तर ती लोण्यात शिरावी तशी वाशाच्या टोकात शिरली. कुज टोकाकडून आढ्याच्या दिशेने हातभर वर चढली होती. वळचणीचे पाणी निघाले होतेच की आढ्याला!

काकांचा निर्णय तयार होता : पाडा आणि स्लॅब टाका. गावच्या म्हाताऱ्या सुतारकाकांनी मात्र सगळे वासे टोचून पाहिले आणि सांगितले, "टोके मेली आहेत, वासे जिवंत आहेत." त्यांनी कुजलेला भाग निरोगी लाकडापर्यंत कापला, बाजूला ऐनाचा जोड लांब ठेवून बोल्टांनी आवळला. नव्या फळीला लावण्याआधीच सहाही बाजूंनी काजूच्या टरफलाचे तेल पाजले. कापलेल्या टोकाला दोनदा, कारण लाकूड पाणी पिते ते टोकाने. कौलांची शेवटची ओळ दोन बोटे पुढे काढली, म्हणजे पागोळी फळीवर न उतरता अंगणात पडेल. खालची बाजू झाकली नाही. पाखरांसाठी फक्त जाळी मारली.

म्हणून माझे म्हणणे असे : जुन्या वळचणीची दुरुस्ती म्हणजे ती झाकणे नव्हे, उघडणे. पाणी कोठून येते हे शोधल्याशिवाय मारलेली प्रत्येक पट्टी कुजीला अंथरूण घालते. सगळी जुनी घरे वाचविता येतील असे मी म्हणत नाही. वासे आढ्यापर्यंत गेले असतील तर उतरवावेच लागतात. पण टोचून पाहण्याआधी पाडणे हा निर्णय नव्हे, कंटाळा आहे.

आपल्या कॉलेजात वारसा म्हटला की सहल किल्ल्यावर जाते. जावी. पण असे सुतार आता तालुक्यात बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. एक रविवार त्यांच्यामागे शिडी धरून उभे राहण्यासाठीही ठेवावा.

आणि एक कबुली. बाबांना सारे आधीच माहीत होते. माझ्या शिक्षणाचा मान राखण्यासाठी ते गप्प बसले. त्या मानाची किंमत चार वाशांची टोके झाली. यापुढे मत देण्याआधी मी दाभण टोचून पाहणार आहे.