म्यानमारचा भूकंप : डोक्यावरची जखम का चिघळते?

२८ मार्च २०२५ रोजी म्यानमारमधील सागाइंग-मंडाले परिसर ७.७ तीव्रतेच्या भूकंपाने हादरला. साडेतीन हजारांहून अधिक माणसे दगावली. मंडालेत परीक्षेला बसलेले भिक्खू विहाराच्या इमारतीखाली गाडले गेले. मृतांचे आकडे आपण वाचले. पण डोक्यात विटा पडूनही जे वाचले, त्यांचे पुढे काय होते, हेही आपण समजून घेतले पाहिजे.

डोक्याच्या त्वचेला रक्तपुरवठा भरपूर असतो. म्हणून तिथली जखम खूप वाहते. पण वेळेवर स्वच्छ धुऊन टाके घातले, तर सहसा लवकर भरतेही. भूकंपात मात्र जखमेत माती, सिमेंटची धूळ आणि केस अडकतात. माणूस तासन्‌तास ढिगाऱ्याखाली पडून राहतो. घाण आत ठेवून वरून टाके घातले, तर आत पू साठतो. कवटी फुटलेली असेल, तर संसर्ग हाडात, मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. धनुर्वाताचा धोका वेगळाच. नुसत्या अँटिबायोटिक गोळ्यांनी हे टळत नाही.

म्हणजे हवे स्वच्छ पाणी, प्रशिक्षित हात आणि वेळ. म्यानमारमध्ये ही टंचाई एकट्या निसर्गाने केलेली नाही. २०२१ च्या लष्करी सत्तापालटानंतर हजारो डॉक्टर, परिचारिकांनी सरकारी नोकऱ्यांवर बहिष्कार टाकला. अनेकांना अटक झाली. भूकंपानंतरही लष्कराचे हवाई हल्ले थांबले नाहीत. रुग्णांवर रुग्णालयांबाहेर, कडक उन्हात उपचार झाले. भारतीय लष्कराने ‘ऑपरेशन ब्रह्मा’अंतर्गत मंडालेत तात्पुरते रुग्णालय उभारले, हे स्वागतार्हच. पण बाहेरची मदत पोहोचायला दिवस लागतात, जखम तासांत बिघडते.

हे आपल्यालाही लागू आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत दगड-मातीच्या जड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. आपत्ती आली की आपण कपडे आणि धान्य गोळा करतो. त्यासोबत प्रत्येक वस्तीत प्रथमोपचार शिकलेली दहा-बारा मुले-मुली हवीत, असे आम्हाला वाटते. स्वच्छ कापड दाबून रक्त थांबवणे, कवटी खचल्याची शंका आली तर न दाबता हलके झाकणे, जखमेत हळद किंवा राख न भरणे, एवढे तरी त्यांना यावे.

आणि आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात धनुर्वाताची लस, टाक्यांचे साहित्य आणि रात्रपाळीला डॉक्टर आहे का, हे विचारायला भूकंपाची वाट कशाला पाहायची?